पळपुटा बर्फ आणि मडावीकाकांचा कंदील

आमच्या धंद्यात मागे काहीच उरत नाही. बर्फ मारला, घाण निघाली, बर्फ हवेत गेला. पाणी नाही, चिखल नाही, केमिकलचा वास नाही. खाली पडलेली खरपुडी झाडून घ्यायची आणि घरी यायचं. उरतात ते फक्त किस्से, आणि ते मात्र काही केल्या उडून जात नाहीत! दर साइटला एखादा वाढतोच. चार मैत्रिणी जमल्या की "वैशाली, तो भरताचा सांग ना" अशी फर्माईश होते आणि मग मला कोणी आवरू शकत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ड्राय आइस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू गोठवून केलेला बर्फ. आपल्या फ्रीजमधल्या बर्फापेक्षा कितीतरी थंड. उघड्या हाताने धरला तर भाजल्यासारखा फोड येतो. त्याचे तांदळाएवढे दाणे कॉम्प्रेसरच्या हवेने बंदुकीतून सोडल्यासारखे मशीनवर मारायचे. वर्षानुवर्षांचं जळकं, चिकट, तेलकट सगळं पापुद्रे धरून सुटतं. दाणे वितळत नाहीत, त्यांचा थेट वायू होतो.

मी पॉलिटेक्निकची मेकॅनिकल. नागपूरला एका कंपनीत हे काम शिकले आणि मग सेलूला, सासरी, स्वतःचं मशीन आणलं. आमची फौज दोघांची. बंदुकीवर मी. आणि पिकअप, कॉम्प्रेसर, दोरखंड, डबे आणि माझं डोकं सांभाळायला मडावीकाका.

मडावीकाका साठीला टेकलेले. उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या विहिरींतला गाळ काढण्यात गेली. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे बोलणं कमी. पण बोलले की समोरच्याचा खर्रा होतो!

०

मशीन आलं ते ऐन खंडेनवमीला. घरामागच्या शेडमध्ये पूजा मांडली. माझ्या सासूबाई हौशी. त्यांनी ड्राय आइसचे दाणे एका घमेल्यात काढायला लावले, त्यातून पांढरा धूर निघायला लागला तशा खूश झाल्या आणि त्या घमेल्याच्या मधोमध निरांजन ठेवलं.

निरांजन विझलं.

पुन्हा लावलं. पुन्हा विझलं. शेडमध्ये वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. तिसऱ्यांदा काडी ओढली, तर काडीच घमेल्यात जाता जाता विझली! शेजारच्या दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. मशीन घ्यायला माझे दागिने गेलेले, आणि पहिल्याच दिवशी देवापुढचा दिवा टिकत नाही म्हटल्यावर मीही मनातल्या मनात ते एकेक मोजायला लागले. वायू जड असतो, खाली साचतो, त्यात ज्योत जगत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण त्या क्षणी एक अक्षर आठवेल तर शपथ!

कॉम्प्रेसर उतरवायला म्हणून त्या दिवसापुरते आलेले एक गृहस्थ दाराशी उभे होते. ते पुढे आले, निरांजन उचललं आणि मशीनच्या डोक्यावर ठेवून पेटवलं. ज्योत शांत, सरळ.

"आई, अपशकुन काई नाई. हे हवा जड हाये, खाली बसते. देवाले वर बसवा."

"तुमाले कसं ठाऊक?" सासूबाईंनी विचारलं.

"जुन्या विहिरीत असंच असते. आमी उतराच्या आंधी कंदील सोडतो. कंदील इझला तं मानूस नाई उतरत."

मग कोणी न विचारताच म्हणाले, "मोठा भाऊ होता माहा. आर्वीकडं एका विहिरीवर कंदील घरीच राह्यला. मी आनाले गेलतो. तो थांबला नाई. मी आलो तवा..."

निरांजनाची वात त्यांनी काडीने पुढे सारली. तेच मडावीकाका. मी त्यांना त्याच दिवशी कामावर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते आले ते हातात कंदील घेऊन. घासूनपुसून लख्ख केलेला, काच नवी, कडीला लांब सुतळी बांधलेली. पिकअपच्या सीटखाली त्याची जागा ठरली, आणि यंत्राखालच्या खड्ड्यात उतरायचं असलं की आधी तो खाली जायचा.

०

पहिलं मोठं काम टोस्टच्या कारखान्यातलं. मालकांची भट्टी काळीकुट्ट. चार वर्षांपूर्वी "एकदम नवी कोरी" म्हणून घेतली होती आणि तेव्हापासून हात लागला नव्हता. मालक म्हणजे तोलून मापून बोलणारा माणूस. मी सांगून थकले की पाणी होत नाही, तरी त्यांनी चार बायका वायपर आणि बादल्या देऊन रांगेत उभ्या केल्या.

दोन तास बर्फ मारला. फरशी कोरडी ठणठणीत. मालक वाकून वाकून टेबलाखाली बघतायत.

"ताई, शंभर किलो बर्फ मारला म्हनता, मंग पानी कुठं गेलं?"

"हवेत गेलं."

"असं कसं हवेत गेलं? मले येडा समजून राह्यल्या का?"

वायपरवाल्या बायकांपैकी एक पुढे सरकली. "मालक, पानी सोडा, भट्टी पाहा."

मालकांनी भट्टीकडे पाहिलं आणि जागच्या जागी बसले. मलाही वाटलं, एवढी चकचकीत झाली की माणसाला भोवळ यावी! जवळ जाऊन बघते तो काय, काळा थर गेल्यावर दारावर निळ्या रंगात भलत्याच गावच्या, भलत्याच बेकरीचं नाव उमटलं होतं. आणि त्याखाली कुणीतरी लाल पेंटने मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "भंगार".

मालकांनी उठून नखाने ती लाल अक्षरं खरवडून पाहिली. शेवटी म्हणाले, "ताई... हे परत काळं करता येते का?"

०

आता नाकाबंदीचा. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, हे सांगायला नको. आमचा बर्फ येतो नागपूरकडून, जाड थर्माकोलच्या पेट्यांमधून. मे महिन्याची दुपार, डांबर मऊ झालेलं, आणि नाक्यावर हवालदारसाहेबांनी पिकअप थांबवली.

"पेटीत काय?"

"बर्फ," मी म्हणाले.

"बर्फात काय?"

"बर्फच."

साहेब असे हसले जणू उभ्या नोकरीत इतकं कच्चं खोटं ऐकलं नव्हतं. झाकण उघडलं, भसकन पांढरा धूर तोंडावर आला, साहेब तीन पावलं मागे! पण माणूस हिमतीचा. "एवढा गार बर्फ हाये म्हनजे खाली माल हाये. काढा सगळं." मी परोपरीने विनवलं, अहो संपेल तो, उन्हात टिकत नाही, मला आज साइट गाठायचीय. ऐकतो कोण! चाळीस किलो दाणे फावड्याने रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर. माल निघाला नाही. मग साहेबांना या दाण्यांचाच संशय आला. धूर सोडतात म्हणजे काहीतरी भानगड असणारच. भरा पोत्यात, करा पंचनामा.

पंच शोधायला अर्धा तास. एक पंक्चरवाला मिळाला, एक उसाच्या रसवाला. साहेबांनी झाडाखाली खुर्ची टाकून सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं. "पांढरे खडे, धूर सोडणारे, स्पर्शास अतिशय थंड." चहा झाला, पुन्हा लिहिलं. दोन पानं भरली. पोतं बापडं उन्हात.

सही करायच्या वेळी रसवाला म्हणाला, "साहेब, आंधी माल दाखवा." पोतं उचललं तर हाताला हलकं. उलटं केलं. तळाशी होते ते मूठभर दाणे डांबरावर पडून नाचले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गायब. पंक्चरवाल्याने कानाला हात लावले. साहेब पोत्यात डोकं घालून बघतायत. पोतं ओलंसुद्धा नाही! माझा संताप कुठल्या कुठे गेला, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. एवढा हादरलेला वर्दीतला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"ताई," साहेब हळूच म्हणाले, "आता याचं काय लिहू?"

मडावीकाकांनी खर्रा या गालातून त्या गालात नेला. "लिहा ना साहेब. मुद्देमाल फरार."

०

भरताचा किस्सा एका बड्या कंपनीतला. तिथे गेटवर आधार कार्ड दाखवा, बूट दाखवा, हेल्मेट दाखवा. आम्ही सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, बर्फाला हात लावू नका. एका सुपरवायझर भाऊंना मोह आवरला नाही. त्यांनी आपल्या स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत चमच्याने दाणे भरले, घरी पोरांना गंमत दाखवायला. इथवरही ठीक. पण थंडपणा निघून जाऊ नये म्हणून झाकण पाना लावून आवळलं! बाटली स्कूटरच्या डिक्कीत, जेवणाच्या डब्याशेजारी.

पंधरा मिनिटांनी गेटवर असा आवाज झाला की माझ्या हातातली बंदूक सुटली. आम्ही धावत गेलो. सिक्युरिटीवाले जमिनीवर पालथे. स्कूटरची सीट समोरच्या बाभळीवर. एका माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं, ही देवाची कृपा. भाऊ स्कूटरजवळ उभे, तोंडाचा आ वासलेला, आणि डब्यातलं वांग्याचं भरीत उडून गेटवरच्या भल्यामोठ्या पाटीवर पसरलेलं. पाटीवर "सुरक्षा सर्वप्रथम" लिहिलं होतं. त्यातलं फक्त "सुरक्षा" झाकलं गेलं.

हातात धरलेली असती ती बाटली तर? पोरांच्या समोर उघडली असती तर? भाऊ मात्र पाटीकडे बघत म्हणाले, "ताई, तुमचं मशीन चालू हाये ना आता? मोठे साहेब याच्या आंधी एवढं मारून द्या!"

दिलं मारून. भरीत ड्राय आइसने फार सुंदर निघतं.

०

पण त्या बाटलीने आमच्या घरात एक भांडण आणलं.

कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरांनी दुसऱ्या दिवशी आमच्या पिकअपची झडती घेतली आणि सीटखालून कंदील काढला. दहा जणांसमोर उंच धरून विचारलं, "मॅडम, हे काय आहे? कोणत्या जमान्यात काम करता? गॅस मीटर नाही तुमच्याकडे?" लोक हसले. मडावीकाका खाली बघत उभे राहिले. मी लाजेने अर्धी झाले. काकांची बाजू घ्यायला हवी होती, हे आज सांगते. तेव्हा मी मान खाली घालून कंदील परत घेतला.

त्याच आठवड्यात मी मीटर मागवलं. मोबाइलएवढं, हिरवा दिवा, हवा खराब झाली की किंचाळतं. ऑफिसर चुकीचे नव्हतेच. मीटर हवंच होतं. पण मी एक पाऊल पुढे गेले. मी कंदील पिकअपमधून काढून माळ्यावर टाकला.

"काका, आता याची गरज नाही."

"असू द्या ना ताई. खात-पेत काई नाई तो."

"लोक हसतात."

काकांनी हातातला दोरखंड खाली ठेवला. "मंग खड्ड्यात मी उतरनार नाई. तुमाले उतरू द्याचं का नाई, ते मी तवाच्या तवा पाहीन."

मला राग आला. म्हटलं, नका उतरू, मी उतरते. आणि खरंच उतरले. पुढच्या महिनाभरात चार कामं खड्ड्यांतली झाली, चारही वेळा मी छातीला मीटर लावून खाली. हिरवा दिवा. एकदाही किंचाळलं नाही. मी वर येऊन काकांना मुद्दाम दाखवायची, "बघा!" ते मान हलवायचे आणि दोरखंड गुंडाळायला लागायचे.

०

आणि मग जामचा काटा.

जाम गावी हायवेच्या चौफुलीवर एक धर्मकाटा आहे. ट्रक वर चढतो, खाली माणूस उतरेल एवढा खड्डा, त्यात वजन मोजणारी यंत्रं. ग्रीस, माती, डिझेल यांचा थर बसून वजन चुकायला लागलं होतं. पाणी मारायची सोय नाही, यंत्रं विजेची. म्हणून आम्हाला बोलावलं.

सकाळभर मी वरूनच, लांब नळी खड्ड्यात सोडून बर्फ मारला. खड्ड्यातली हवा ओढायला पंखा लावला होता, काटेवाल्यांच्या लाइनवर. आमचा कॉम्प्रेसर डिझेलचा. त्यामुळे मधेच लाइट गेली तेव्हा पंखा कधी बंद पडला, हे त्या धडधडाटात मला कळलंच नाही. लक्षात आलं ते काम थांबवून जेवायला बसले तेव्हा.

माझं जेवण झालं, काकांनी डबाही उघडला नव्हता, आणि लाइट अजून आली नव्हती. एका कोपऱ्यातलं यंत्र तेवढं राहिलं होतं, आणि तिथे उतरल्याशिवाय हात पोचत नव्हता. बाहेर सोयाबीनच्या ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. काटेवाले म्हणाले, "ताई, दहा मिन्टाचं काम हाये, करून टाका न." मी मीटर छातीला लावलं, शिडीवर पाय ठेवला.

"थांबा," मागून आवाज आला.

मडावीकाकांनी पिकअपच्या सीटखालून गमछ्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कंदील! माझ्या घरच्या माळ्यावरचा कंदील. मी विचारलं, "तुम्ही माळ्यावर चढलात?"

"नाई. आईनं काढून देल्ला. त्या दिवशीच. तवापासून गाडीतच हाये. पंखा चालू राहे, म्हून काढला नाई."

म्हणजे महिनाभर सासूबाई आणि काका मिळून मला गुंडाळत होते! माझं डोकं सणकलं. ड्रायव्हर लोक गाड्यांतून उतरून मजा बघायला आलेले. एकजण म्हणाला, "क्या काका, दिवाली अब्बीसेच?" काकांनी ऐकलंच नाही. कंदील पेटवला, सुतळीने खाली सोडला. खड्ड्याच्या अर्ध्यात गेला आणि फुस्स. विझला.

"वाऱ्याने विझला," मी म्हणाले.

काकांनी वर घेतला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा त्याच जागी विझला.

"काका, मीटर हिरवं आहे! बघा ना, हिरवं आहे!" मी छातीवरचं मीटर उचलून त्यांच्या तोंडासमोर नाचवलं. "लोक खोळंबलेत. मी चालले."

मी वळून शिडीवर पाय ठेवायला गेले, तर पायाखाली शिडी नव्हती. साठीच्या त्या माणसाने ती एका झटक्यात वर ओढून घेतली होती. इतक्या वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हा ओरडले.

"मीटर कशात हाये ते पाहा आंधी!"

मी पाहिलं.

आमच्या घरी नवीन वस्तूवर धूळ बसू देत नाहीत. टीव्हीचा रिमोट पिशवीत, मिक्सरला झबलं, दिवाणाच्या गादीवर अजून दुकानातलं प्लास्टिक. एवढं महागाचं मीटर घेतलं, त्यात माती-ग्रीस जायला नको म्हणून पहिल्याच दिवशी मी स्वतःच्या हाताने त्याला चेनच्या प्लास्टिक पिशवीत घातलं होतं. घट्ट बंद. वरून रबरबँड. बाहेरच्या हवेचा कण आत जायला जागा नव्हती.

काकांनी ते माझ्या हातातून घेतलं, रबरबँड काढलं, पिशवी उघडली, मीटर बाहेर काढून कंदिलाच्या सुतळीला बांधलं आणि खाली सोडलं.

दोन हात खाली गेलं नसेल, आणि ते किंचाळलं. असं किंचाळलं की हॉर्न वाजवणारे ड्रायव्हर गप्प झाले. हिरवा दिवा लाल. किंचाळतंय, किंचाळतंय, थांबायचं नाव नाही. मी खड्ड्याच्या काठावरच बसले. आधीच्या चार खड्ड्यांमध्ये निव्वळ पंखा चालू राहिला म्हणून मी वर आले होते. चारही वेळा. आणि वर येऊन या माणसाला "बघा!" म्हणाले होते.

तासाभराने लाइट आली, पंखा सुरू झाला. काकांनी मीटर सोडलं, ते आता किंचाळलं नाही. मग कंदील सोडला. तळापर्यंत गेला, तिथे पोचूनही जळत राहिला. त्यांनी तो तसाच खाली ठेवला, ज्योतीकडे बराच वेळ बघत बसले. रांगेतल्या एकानेही हॉर्न वाजवला नाही.

मग त्यांनी शिडी पुन्हा लावली. माझ्या कमरेला दोरखंड बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून काठावर मांडी घालून बसले.

"काका, तुम्ही जेवला नाहीत," मी म्हणाले. "माझं होईपर्यंत चहा तरी घेऊन या."

"उतरा तुमी," ते म्हणाले. "आज मी कोठंच जाऊन नाई राह्यलो."